औषध नव्हतं तेव्हा क्षयरोग्यांसाठी न्यूयॉर्क शहराने काय केलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आत्याला १९८६ साली क्षय झाला. चाळीत ती आमच्या शेजारच्याच खोलीत राहायची. तिचा जर्मनचा पेला मोरीच्या फळीवर वेगळा पालथा असायचा, आणि आम्हा मुलांना त्याला हात लावायची मनाई होती. दवाखान्यात केसपेपर काढताना तिने पत्ता माहेरच्या गावचा सांगितला. चाळीत बोभाटा नको म्हणून. दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं तशी तिने औषधं सोडली, आणि ती का आली नाही हे विचारायला कुणी येऊ शकलं नाही, कारण कागदावरच्या पत्त्यावर ती नव्हतीच. वर्षभराने पुन्हा रक्त पडलं आणि सगळे उपचार पहिल्यापासून करावे लागले.

पुढे न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याचा जुना इतिहास वाचताना तिथेही हाच खोटा पत्ता भेटला, नव्वद वर्षं आधीचा. त्या वाचनाबद्दल बोललं की लोक तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहितो आहे.

न्यूयॉर्कच का? लंडन, बर्लिन का नाही?

क्षयरोग्यांच्या नावनिशी नोंदीवर एक अख्खी नागरी व्यवस्था उभारणाऱ्या पहिल्या मोठ्या शहरांपैकी न्यूयॉर्क एक. दवाखान्याची कल्पना त्यांची नव्हती. एडिंबरामध्ये रॉबर्ट फिलिप यांनी १८८७ सालीच क्षयासाठी वेगळा दवाखाना काढला होता आणि तिथून रोग्याच्या घरी माणूस पाठवून चौकशी होत असे. सॅनेटोरियम, म्हणजे रोग्यांना गावाबाहेर मोकळ्या हवेत ठेवायची जागा, जर्मनीतून आलं. न्यूयॉर्कने हे सगळं उचललं आणि महानगरपालिकेच्या एका खात्याच्या वहीला जोडून दिलं. शिवाय हे शहर तेव्हा जगातल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक होतं. १८९८ च्या १ जानेवारीला पाच भाग मिळून एक शहर झालं, आणि १९०० च्या जनगणनेत लोकसंख्या ३४ लाखांवर गेली. मुंबईची चाळ ज्याने पाहिली आहे त्याला मॅनहॅटनच्या खालच्या टोकाची कल्पना करायला वेळ लागणार नाही.

त्या काळी लोकांना हा रोग कशामुळे होतो असं वाटायचं?

घराण्यात असतो असं. आई क्षयाने गेली, मग मुलगी जाणारच. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जंतू दाखवला, तरी पुढची पंधरा-वीस वर्षं कितीतरी चांगले डॉक्टर आनुवंशिकतेवरच अडून बसले होते. आपल्याकडे ‘राजयक्ष्मा’ म्हणताना जी हताशा शब्दातच भरलेली असायची, तीच तिथे होती. एकदा नाव घेतलं की माणूस गेल्यातच जमा. म्हणून डॉक्टर रोग्याला खरं नाव सांगत नसत. ‘छातीत कफ आहे’, ‘जुनी सर्दी’ असं काहीतरी सांगून वेळ मारून नेत.

शहराने सुरुवात कुठून केली?

एका पत्रकापासून. १८८९ साली हर्मन बिग्ज, मिचेल प्रडन आणि एच. पी. लूमिस या तीन डॉक्टरांनी शहराच्या आरोग्य मंडळाला अहवाल दिला. क्षय संसर्गाने होतो, तो वंशातून येत नाही आणि टाळता येतो, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मंडळाने शहरातल्या नामांकित डॉक्टरांचं मत मागवलं. बहुतेकांनी नाक मुरडलं. मग मोठं काही न करता घरोघरी वाटायला पत्रकं छापली: थुंकी वाळू देऊ नका, जमिनीवर थुंकू नका, रोग्याचं अंथरूण वेगळं ठेवा. पुढे ही पत्रकं इंग्रजीसोबत जर्मन, इटालियन, यिडिश अशा वस्तीतल्या भाषांतही निघाली. कारण सोपं होतं. ज्यांना हे वाचायचं होतं त्यांतल्या कितीतरी लोकांना इंग्रजी येतच नव्हतं.

बिग्ज १८५९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रमन्सबर्ग नावाच्या खेड्यात जन्मले. १८९२ पासून शहराच्या आरोग्य खात्याची जंतुशास्त्राची शाखा त्यांच्याकडे आली आणि पुढची वीस वर्षं या सगळ्या व्यवस्थेवर त्यांचा हात राहिला. हट्टी, मुत्सद्दी माणूस. पुढच्या उत्तरांत त्यांचं नाव वारंवार येईल, कौतुकानेही आणि तक्रारीनेही.

थुंकीची तपासणी कशी व्हायची? तीही फुकट?

हो, फुकट. या भागात मी नेहमी रमतो. घटसर्पाच्या तपासणीसाठी खात्याने शहरभरच्या औषधांच्या दुकानांत आधीच नमुन्यांची केंद्रं नेमली होती. तीच सोय १८९४ पासून क्षयासाठी वापरली. डॉक्टर कोपऱ्यावरच्या दुकानातून रुंद तोंडाची स्वच्छ बाटली आणि एक छापील कागद घ्यायचा. रोग्याने सकाळी उठल्यावर पहिला खाकरा त्या बाटलीत काढायचा, तोंडातली लाळ नव्हे, छातीतला बेडका. कागदावर नाव, वय, धंदा आणि पत्ता लिहून बाटली परत त्याच दुकानात ठेवायची. खात्याचा माणूस दिवसातून एकदा फेरी मारून सगळ्या बाटल्या गोळा करायचा. प्रयोगशाळेत बेडक्याचा घट्ट पिवळसर भाग काचपट्टीवर पसरवून, रंग चढवून, सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या काड्या, म्हणजे क्षयाचे जंतू, शोधायच्या. निकाल टपालाने डॉक्टरकडे.

यातली खुबी बघा. ज्या डॉक्टरला सरकारी हुकूम नको होता, त्यालाही फुकट तपासणी हवी होती. आणि तपासणीच्या कागदावर पत्ता होता. म्हणजे सक्तीची नोंद येण्याआधीच शहराच्या हातात हजारो पत्ते यायला लागले होते. खात्यात मॅनहॅटनचे नकाशे होते, त्यांवर प्रत्येक घरापुढे रोग्यागणिक खूण पडायची. काही घरांपुढे खुणांची रांगच लागली होती.

नोंद सक्तीची केव्हा झाली, आणि डॉक्टर चिडले का?

दोन टप्पे होते. १८९४ पासून इस्पितळं, धर्मादाय दवाखाने आणि आश्रमगृहांनी रोगी कळवणं बंधनकारक झालं, खाजगी डॉक्टरांना फक्त विनंती होती. १८९७ साली विनंती संपली आणि प्रत्येक डॉक्टरला प्रत्येक क्षयरोग्याचं नाव-पत्ता कळवणं भाग झालं.

वादळ उठलं. वैद्यकीय संस्थांनी ठराव केले आणि प्रकरण राज्याची राजधानी ऑल्बनीपर्यंत गेलं. तिथे आरोग्य मंडळाचे हे अधिकारच काढून घेणारी विधेयकं आणायचे प्रयत्न झाले. ते फसले.

डॉक्टरांचे आक्षेप स्वार्थी होते असं म्हणून मोकळं होता येत नाही. काही होतेच तसे: रोगी खात्याच्या हातात गेला की आपली फी गेली, ही भीती होती. पण बाकीचे खरे होते. रोग्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट सरकारला कशी सांगायची? नाव फुटलं तर नोकरी जायची, घरमालक जागा खाली करायला लावायचा, आयुर्विम्याचे पैसे अडकायचे. शिंप्याला क्षय आहे हे कळल्यावर त्याच्याकडे कोट शिवायला कोण टाकणार? खात्याने नावं गुप्त ठेवायचं आश्वासन दिलं होतं. पण तपासनीस दारात आला की मजल्यावरच्या सगळ्या बायका दारातून डोकावणार, हे गुपित कसलं राहतंय!

बिग्ज यांनी एक तडजोड केली. खाजगी डॉक्टरने ‘मी स्वतः लक्ष देईन’ असं कळवलं, तर खात्याचा माणूस त्या घरी जाणार नाही. ऐकायला समजूतदार वाटतं, परिणाम मात्र सरळ होता. ज्याच्याकडे स्वतःचा डॉक्टर होता त्याची नोंद कपाटात राहिली, आणि जो धर्मादाय दवाखान्यात गेला त्याच्या दारावर थाप पडली. मला ही त्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी फट वाटते. कायदा एकच होता, पण तो दोन प्रकारच्या पत्त्यांवर दोन प्रकारे पोचत होता.

नाव नोंदलं की घरी नेमकं काय घडायचं?

आधी तपासनीस, पुढच्या काळात बहुतेक वेळा नर्स. ती चार-पाच जिने चढून यायची. खोलीत किती माणसं झोपतात, रोगी कुणासोबत झोपतो, खिडकी आहे का, लहान मुलं किती, कमावतं कोण, हे विचारून लिहून घ्यायची. कागदी पिकदाण्या द्यायची. पुठ्ठ्याची पेटी, तीत थुंकायचं आणि संध्याकाळी चुलीत जाळायची. घराबाहेर जाताना खिशात ठेवायची वेगळी. शक्य असेल तर रोग्याचं अंथरूण खिडकीपाशी लावून द्यायची. आणि जाताना विचारायची, ‘दूध मिळतं का?’

रोगी वारला किंवा घर सोडून गेला, की पुढचं पाऊल. खोली रिकामी करून निर्जंतुक करायची, आणि गरज वाटल्यास घरमालकाला हुकूम: भिंती खरवडून नवा रंग किंवा कागद लावल्याशिवाय जागा भाड्याने द्यायची नाही. दारावर तशी नोटीस चिकटायची. खर्च मालकाचा. म्हणूनच मालकांना क्षयरोगी भाडेकरू नको असायचा, आणि म्हणूनच भाडेकरू खोटा पत्ता द्यायचा. रोग हटवण्यासाठी केलेला नियमच रोग्याला लपायला लावत होता. खात्याला हे कळत होतं. नर्सा एका दारावरून दुसऱ्या दारावर, शेजारणींना विचारत, माणूस शोधत फिरायच्या.

आणि तरीही त्या पत्त्यावर मदतही येत होती, हे विसरून चालणार नाही. दुधाची आणि अंड्यांची चिठ्ठी, इस्पितळातली खाट, मुलांची सोय, सगळं त्याच नोंदीतून.

औषधच नव्हतं, मग उपचार म्हणजे काय?

विश्रांती, मोकळी हवा, भरपूर खाणं. दिवसाला कित्येक पेले दूध, कच्ची अंडी. थंडीतही गच्चीवर किंवा आगीच्या वेळी उतरायच्या लोखंडी जिन्यावर गोधड्या पांघरून झोपायचं. सौम्य आजार असलेले काही जण यावर खरंच तगून जात. बाकीच्यांना सेवा मिळायची, बरं होणं नाही. आठवड्याला सहा दिवस, दिवसाला बारा तास शिवणयंत्रावर बसणाऱ्या माणसाला ‘विश्रांती घ्या’ सांगणं म्हणजे काय, हे त्या नर्सांना डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं.

शहराचा स्वतःचा दवाखाना कधी सुरू झाला?

१९०४ साली, सहाव्या अव्हेन्यूवर ५५ व्या रस्त्याच्या नाक्याशी. तिथे तपासणी, सल्ला, घरी नर्स आणि गरज पडल्यास खाट असं सगळं मिळे. शहरात धर्मादाय दवाखानेही बरेच होते, पण रोगी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी भटकत. आज इथला काढा, उद्या तिथली गोळी, आणि नोंद तीन वह्यांत. काही वर्षांत सगळ्या दवाखान्यांनी मिळून संघ केला आणि शहराचे विभाग पाडले. ज्या विभागात घर, त्याच विभागाचा दवाखाना. आज आपल्याकडे क्षयरोग पथकाचा जो इलाखा असतो, त्याची ही खापरपणजी.

नर्सांच्या बाबतीत लिलियन वॉल्ड यांचं नाव घ्यायलाच हवं. १८९३ पासून त्यांनी लोअर ईस्ट साइड या मॅनहॅटनमधल्या गरीब वस्तीत राहून घरोघरी सेवा सुरू केली. पुढे हेन्री स्ट्रीट सेटलमेंट म्हणून ते काम नावारूपाला आलं. १९०९ साली मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने आपल्या कामगार विमेदारांकडे हेन्री स्ट्रीटच्या नर्सा पाठवायला सुरुवात केली. माणूस जगला तर कंपनीचा हप्ता चालू राहतो, हे गणित त्यात होतंच. पण नर्स दारात आली हेही खरं.

बोटीवर दवाखाना होता म्हणतात, ते काय?

होता, आणि तो मला फार आवडतो. मोकळी हवा द्यायची तर गर्दीच्या शहरात ती आणायची कुठून? कुणाला तरी सुचलं की नदीवर भरपूर आहे. साउथफील्ड नावाची निवृत्त झालेली फेरीबोट बेलव्ह्यू इस्पितळाने दिवसाच्या छावणीसाठी घेतली. सकाळी रोगी यायचे, डेकवर ओळीने मांडलेल्या आरामखुर्च्यांत पांघरुणं घेऊन पडून राहायचे, दूध-अंडी-जेवण घ्यायचे आणि संध्याकाळी घरी जायचे. बोट धक्क्याला बांधलेलीच, कुठे जात नसे.

रोग्यांत मुलंही होती. दिवसभर डेकवर पडून ती कंटाळली, दंगा करायला लागली. १९०८ च्या डिसेंबरमध्ये शिक्षण मंडळाने तिथे शिक्षक नेमला आणि न्यूयॉर्कमधला पहिला खुल्या हवेतला वर्ग त्या जुन्या बोटीवर भरला. ऐन हिवाळ्यात पोतडीसारख्या जाड पांघरुणात पाय खुपसून, टोप्या कानांवर ओढून मुलं पाढे म्हणत बसायची.

सॅनेटोरियम कुठे होतं?

सर्वांत नावाजलेलं डॉ. एडवर्ड ट्रूडो यांचं, ॲडिरॉन्डॅक डोंगरात सॅरनॅक लेकला. ट्रूडो स्वतः क्षयाचे रोगी होते. पण ती खाजगी संस्था होती, लांब होती, आणि तिथे बरे होण्याजोगेच रोगी घेत. शहराने १९०६ साली ऑरेंज काउंटीत ओटिसव्हिलला स्वतःचं सॅनेटोरियम काढलं, रेल्वेने सुमारे ७५ मैलांवर. इथेही सुरुवातीच्या अवस्थेतलेच रोगी घेत. प्रकृती सुधारेल तसं त्यांना थोडं थोडं काम देत: बाग, कोंबड्या, सुतारकाम.

मग शेवटच्या अवस्थेतल्यांचं काय? ज्यांची थुंकी जंतूंनी भरलेली, तेच कोंदट खोल्यांत मुलाबाळांसोबत पडलेले असत. ब्लॅकवेल्स बेटावर जुन्या वेड्यांच्या इस्पितळाच्या इमारतीत त्यांच्यासाठी वॉर्ड होते. लोक तिथे जायला घाबरत. ‘तिथून परत येत नाहीत’ ही समजूत होती, आणि ती खोटीही नव्हती.

१९१३ च्या नोव्हेंबरमध्ये स्टेटन आयलंडच्या टेकडीवर सी व्ह्यू हे प्रचंड इस्पितळ उघडलं. रेमंड अल्मिरॉल या वास्तुविशारदाने ते आखलं. रोग्यांच्या इमारती पंख्याच्या पात्यांसारख्या पसरलेल्या, प्रत्येक मजल्याला उघडे व्हरांडे, ऊन-वारा अडणार नाही अशी दिशा. वरच्या बाजूला हॉलंडहून मागवलेल्या रंगीत फरशांची चित्रपट्टी, त्यात डॉक्टर आणि नर्सा. मरायला आलेल्या गरीब माणसांसाठी शहराने अशी नक्षी का करावी? माझ्या मते त्या सगळ्या कारभारातली ही सर्वांत माणुसकीची गोष्ट आहे. ‘इथे या’ असं हुकमाने सांगण्यापेक्षा यावंसं वाटेल अशी जागा बांधली.

जबरदस्तीने कोंडून ठेवायचे का?

हो. ईस्ट रिव्हरमधल्या नॉर्थ ब्रदर बेटावर रिव्हरसाइड इस्पितळ होतं. देवी, टायफस अशा साथींच्या रोग्यांना तिथे नेत. १९०३ पासून तिथे क्षयासाठीही वॉर्ड झाले, आणि ‘बेपर्वा’ ठरवलेल्या रोग्यांना मर्जीविरुद्ध तिथे ठेवायचा अधिकार खात्याने वापरला. विषमज्वराची जंतुवाहक म्हणून गाजलेली स्वयंपाकीण मेरी मॅलन याच बेटावर होती, १९०७ ते १९१० आणि पुन्हा १९१५ पासून १९३८ साली मरेपर्यंत.

बेपर्वा कोण ठरायचं? बेघर, दारुडे, भाड्याच्या पलंगावर रात्र काढणारे. बंगल्यातला श्रीमंत रोगी कितीही थुंकला तरी त्याला बेटावर नेल्याचं माझ्या वाचनात नाही. ज्याला घर नाही त्याला पिकदाणी जाळायला चूलही नाही, हे त्याच्या बेपर्वाईच्या खात्यात लिहिलं गेलं.

मराठी वाचकाला इथे पुणं आठवल्याशिवाय राहणार नाही. न्यूयॉर्कमध्ये नोंद सक्तीची झाली ते साल १८९७. त्याच वर्षी प्लेगच्या तपासणीसाठी पुण्यात सोजीर घरांत शिरत होते, आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. दोन्हीकडचं शास्त्र जवळपास एकच होतं. न्यूयॉर्कने बाटली, पत्रक, दूध आणि नर्स पुढे पाठवली, बेट मागे ठेवलं. पुण्यात आधी संगीन आली.

गरिबांची घरं इतकी वाईट होती का?

‘लंग ब्लॉक’ हे नाव शोधा. लोअर ईस्ट साइडमधला चेरी, कॅथरीन, हॅमिल्टन आणि मार्केट या रस्त्यांमधला इमारतींचा एकच ठोकळा, आणि त्यात जवळजवळ चार हजार माणसं. क्षयाच्या मृत्यूंमुळे त्याला ‘फुप्फुसांचा ठोकळा’ म्हणायला लागले. १९०३ साली अर्नेस्ट पूल या तरुण लेखकाने त्याचा वृत्तांत लिहिला तेव्हा शहरभर गाजला.

आतल्या खोल्यांना खिडकीच नसायची. शतकाच्या सुरुवातीला शहरात अशा साडेतीन लाखांवर अंधाऱ्या खोल्या होत्या. १९०१ च्या कायद्याने नव्या इमारतींत प्रत्येक खोलीला खिडकी, प्रत्येक बिऱ्हाडात नळ आणि संडास सक्तीचे केले. जुन्या इमारतींतल्या आतल्या भिंतींना खिडक्या पाडायला लावल्या. म्हणजे एका अंधाऱ्या खोलीतून दुसऱ्या जरा कमी अंधाऱ्या खोलीत बघायची खिडकी. वारा त्यातून किती येणार!

कृष्णवर्णीय रोग्यांपर्यंत ही सेवा पोचली का?

उशिरा आणि अपुरी. त्यांच्यात क्षयाचे मृत्यू गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होते, पण दवाखान्यांकडे त्यांची पावलं वळत नसत, कारण तिथे वागणूक कशी मिळते हे त्यांना ठाऊक होतं. १९०० साली एका धर्मादाय संस्थेने जेसी स्लीट या कृष्णवर्णीय नर्सला दोन महिन्यांच्या बोलीवर नेमलं. त्या घरोघर गेल्या, लोकांनी त्यांना आत घेतलं, आणि दोन महिन्यांची बोली कित्येक वर्षांची झाली. अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय सार्वजनिक आरोग्य परिचारिका म्हणून त्यांचं नाव घेतात. दार उघडतं ते दारात कोण उभं आहे त्यावर, हे त्यांनी पायी फिरून दाखवलं.

परदेशातून आलेल्यांना वेगळी भीती होती का?

फार मोठी. १९०७ च्या कायद्याने क्षयरोग्यांना देशात प्रवेश नाकारायची स्पष्ट तरतूद केली, आणि आल्यावर काही वर्षांत सरकारी मदतीवर आलेल्याला परत पाठवता येत होतं. म्हणजे फुकट खाट मागावी तर परतीची बोट मिळायची शक्यता. इटालियन किंवा रशियन ज्यू माणसाने पत्ता खोटा दिला तर मला त्याचा राग येत नाही.

थुंकण्यावर बंदी होती का?

१८९६ पासून, सार्वजनिक जागी आणि ट्राममध्ये. पाट्या लागल्या, दंड झाले, लोक थुंकतच राहिले. सवय मोडायला दोन पिढ्या गेल्या.

क्षय गाईच्या दुधातूनही येतो ना?

येतो, विशेषतः लहान मुलांना. नेथन स्ट्रॉस या व्यापाऱ्याने १८९३ पासून गरीब वस्त्यांत तापवून निर्जंतुक केलेल्या दुधाची केंद्रं चालवली. याच स्ट्रॉस यांनी १९०९ साली न्यू जर्सीत लेकवूडला क्षयरोग्यांच्या घरातल्या, पण स्वतः आजारी नसलेल्या मुलांसाठी घर दिलं. मुलं तिथे धष्टपुष्ट झाली. आईपासून तोडलेली मुलं रात्री किती रडली, याचे तक्ते कुणी ठेवले नाहीत.

एवढं करून मृत्यू कमी झाले का?

झाले. १९०० ते १९२० या वीस वर्षांत शहरातला क्षयाचा मृत्युदर निम्म्यावर आला. पण तो त्याआधीपासूनच उतरत होता, आणि जिथे अशी व्यवस्था नव्हती तिथेही उतरला. पगार, जेवण, घरं सुधारल्याने की रोग्यांना वेगळं ठेवल्याने, हा वाद अजून मिटलेला नाही. माझा कल असा: नोंदवहीने रोग बरा केला नाही, पण शहराला पहिल्यांदा दाखवलं की मरणं कुठल्या गल्लीत आहेत. त्यानंतर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहिली नाही. ‘सार्वजनिक आरोग्य विकत घेता येतं’ असं बिग्ज म्हणत. म्हणजे पैसे खर्चले तर मरणं कमी होतात, आणि नसतील खर्चायचे तर तेही शहरानेच ठरवलेलं असतं.

खरं औषध कधी आलं?

स्ट्रेप्टोमायसिन १९४० च्या दशकात. आणि १९५२ साली आयसोनियाझिड या औषधाचे परिणाम जगाला कळले ते याच सी व्ह्यूमधून. मरणाच्या दारातले रोगी उठून वॉर्डात नाचत आहेत असे फोटो छापून आले. तोवरची वीस-बावीस वर्षं तिथे राबल्या होत्या मुख्यतः कृष्णवर्णीय नर्सा. गोऱ्या नर्सा संसर्गाच्या भीतीने सोडून जायला लागल्या तेव्हा त्यांना दक्षिणेकडून बोलावून आणलं होतं.

त्या काळात आपल्याकडे काय होतं?

हवापालट, ज्याला परवडेल त्याला. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल एअर सुरू केलं, मिरजेजवळ डॉ. वॉन्लेस यांचं सॅनेटोरियम १९२० साली आलं. गिरणगावातल्या माणसाला या जागा चंद्राएवढ्या लांब. भारतात क्षयाची नोंद सगळ्या डॉक्टरांना सक्तीची झाली मे २०१२ मध्ये, न्यूयॉर्कनंतर ११५ वर्षांनी. आहारासाठी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये २०१८ पासून, आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० रुपये. दुधाच्या चिठ्ठीची ही नात. ज्याचा पत्ता आणि बँक खातं बरोबर लिहिलं आहे, त्यालाच ती मिळते.

आज तिथे काही बघायला मिळतं का?

नॉर्थ ब्रदर बेटावर जाता येत नाही. इमारती झाडीत बुडाल्या आहेत आणि बेट पक्ष्यांसाठी राखलं आहे. लंग ब्लॉक पाडून १९३४ साली त्या जागी निकरबॉकर व्हिलेज ही वसाहत झाली, ती अजून उभी आहे. सी व्ह्यूच्या काही इमारती जपल्या आहेत, फरशांची चित्रं झिजलेली दिसतात.

आणि शहरापासून उत्तरेला हडसन नदीच्या काठाने गेलात तर पोकीप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत एक दगड आहे. आनंदीबाई जोशींचा. अमेरिकेत त्यांना आसरा देणारं ते हेच कुटुंब. फिलाडेल्फियाला शिकून त्या १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या, वर्षाअखेर परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. कॉख यांचा जंतू सापडून पाच वर्षं झाली होती, एडिंबराचा दवाखाना त्याच वर्षी उघडला, न्यूयॉर्कचं पहिलं पत्रक दोन वर्षांवर होतं. आनंदीबाईंच्या अस्थी पोकीप्सीला पाठवल्या गेल्या. दगडावर नाव आहे, नावापुढे एम.डी. आहे, आणि दोन सालं आहेत: १८६५, १८८७.